कोष्टीपुऱ्यातलं इंग्रजी घर

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, आणि वाटणीचं ते खूळ आमच्याही घरात शिरलं. मोठ्या भावानं ठरवलं, कोष्टीपुऱ्यातलं बापाचं घर विकून मोकळं व्हायचं. मी साकोलीत इंग्रजीचा मास्तर. विकायची पाटी मराठीत लिहिण्याइतका अडाणी मी थोडीच होतो!

आमच्याकडे घर असो की म्हैस, 'विकायचं' असं कोणी थेट बोलत नाही. 'काढायचं आहे' म्हणतात, तेही इकडेतिकडे बघून, जणू घरात कोणी आजारी आहे. इंग्रजीला कसली आली लाज? ती 'पुट अप फॉर सेल' म्हणत वस्तू उचलून वर ठेवते, चौकातल्या पुतळ्यासारखी. 'ऑन द मार्केट' म्हणत घर तिथे चक्क बाजारात जातं, येतं. मला याचं भारी कौतुक होतं. वर्गात फळ्यावर लिहून पोरांना सांगायचो, बघा, याला म्हणतात रुबाब.

मग काय, बसलो पाटी रचायला. गळक्या कौलांना 'ट्रॅडिशनल रूफ' केलं. उकिरडा आणि एक बोरीचं झाड असलेलं परसदार 'गार्डन एरिया' झालं. नळ दिवसाआड यायचा, तरी 'वॉटर फॅसिलिटी' ठोकून दिली. पुढच्या खोलीत हातमाग होता. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायानं माग चालवतो. कुठल्याशा मासिकात जमिनीत खोलगट बैठक असलेल्या बंगल्याचा फोटो पाहिला होता, म्हणून त्या खड्ड्याला मी 'संकन सीटिंग' लिहिलं. आणि शेवटी माझे सगळ्यात लाडके शब्द, 'व्हेकंट पझेशन'. म्हणजे ताबा घ्याल तेव्हा घर रिकामं मिळेल.

घर रिकामं नव्हतं. त्या खड्ड्यात काकाजी होते. बाबांचे धाकटे भाऊ, लग्न न केलेले, मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याच मागावर बसलेले. आजोबांनी घर बाबांच्या नावानं केलं, आणि काकाजींनी त्यावर कधी शब्द काढला नाही. घर गेल्यावर ते कुठे जाणार, हे भावानं मला विचारलं नाही. मीही त्याला विचारलं नाही.

रविवारी पाटी घेऊन गेलो. दारावर खिळा ठोकत होतो तसा आतला माग थांबला. काय लिहिलं म्हणून काकाजींनी विचारलं. मी थाटात एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेलो. खड्ड्याच्या ओळीला ते पोट धरून हसले. गोणपाटावर बसणाऱ्याला तू तर साहेब केलं, म्हणाले. शेवटच्या ओळीपाशी मात्र माझी जीभ अडली. म्हटलं, ते असंच असते, काहीतरी कायद्याचं.

"सांग ना, काय लिवलं हाय?"

सांगितलं.

काकाजी हात टेकून खड्ड्यातून वर आले, गुडघे झटकले आणि मागावरच्या अर्ध्या लुगड्याकडे बोट केलं.

"एवढं होऊ दे, बापू. मंग करतो रिकामं."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मला स्वतःचीच किळस आली. पाटी उपटून काखेत मारली आणि साकोलीची बस धरली. भावाला सांगितलं, विकायचं असेल तर पाटी तूच लिही, मराठीत लिही, आणि लावायच्या आधी काकाजींना वाचून दाखव.

त्यानं ती अजून लिहिलेली नाही.