दीपगृहासमोर सुलभाताई

आदरणीय सुलभाताई रामटेके यांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांच्या घरच्या खिडकीपाशी. नागपूरच्या लकडगंजातल्या आमच्या आरागिरणीतून मी तसाच, कपड्यांवर लाकडाचा भुसा घेऊन गेलो होतो. नवा कॅमेरा घेतला होता आणि स्लाइड फिल्मवर काम करणाऱ्या एक बाई शहरात आहेत, एवढंच ऐकून होतो. ताई तेव्हा सरकारी कार्यालयात टंकलेखिका होत्या. त्यांनी चहा ठेवला, एक डबा काढला आणि एकेक स्लाइड उजेडात धरून दाखवू लागल्या. एकीत दीपगृह नुसतं काळं, दुसरीत आभाळ धुतल्यासारखं पांढरं, तिसरीत दिवाच लागलेला नाही.

"बिघडल्या आहेत साऱ्या," ताई म्हणाल्या. "चांगल्या मागून दाखवीन. आधी ह्या पाह्य, म्हणजे तुले भीती राहणार नाही."

आपलं बिघडलेलं काम नवख्या माणसापुढे असं मोकळेपणाने ठेवणारं दुसरं कुणी मी अजून पाहिलेलं नाही.

तरुण वाचकांसाठी सांगायला हवं, की स्लाइड फिल्म फार कडक स्वभावाची. प्रिंट काढताना उजेड कमीजास्त करून चूक झाकता येते; स्लाइडमध्ये जे टिपलं तेच पडद्यावर दिसतं. सूर्य बुडालेला, दीपगृहाचा दिवा लागलेला आणि आभाळात अजून रंग उरलेला, अशी वेळ जेमतेम काही मिनिटांची असते. त्या वेळेचं एक चित्र ताईंना हवं होतं. नागपूरकराला समुद्र म्हणजे लांबचा पल्ला. तरी रजा साठवून त्या कोकणात जात राहिल्या.

दर रविवारी घरी वर्ग घेणाऱ्या ताईंचा राग आम्हा विद्यार्थ्यांच्या चांगला ओळखीचा आहे. माया मात्र त्या लपवून करतात. माझे वडील गेले तेव्हा घर सावरताना मी कॅमेरा विकून टाकला आणि रविवारी त्यांच्याकडे जाणंही सोडलं. एके दिवशी ताई रिक्षाने गिरणीत आल्या आणि स्वतःचा दुसरा कॅमेरा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"घरी पडून पडून भिंगाले बुरशी लागून राहिली," त्या म्हणाल्या. "तू वापर."

घरी जाऊन पाहिलं, तर भिंग लख्ख होतं.

काही वर्षांपूर्वी ताईंच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. नजरेच्या मधोमध पुसट होत चाललं होतं. उपचार सुरू झाले, पण गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्याच आठवड्यात मला फोन आला.

"दिनेश, फ्रिजमध्ये दह्याच्या गंजामागं एक रोल उरला आहे. कोकणात येतं काय?"

"ताई, पण तुमचे डोळे..."

"म्हणूनच तर म्हणून राहिली मी. काहून गा, तुझ्याबिना गिरणी बंद पडते काय?"

आम्ही गेलो. पहिल्या संध्याकाळी ढगांनी सगळं झाकून टाकलं. दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी परतीची गाडी होती. खाडीपलीकडच्या कड्यावर दीपगृह, अलीकडे खडकांवर आम्ही दोघं. ट्रायपॉड ताईंनीच उभा केला. त्यांच्या कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. सूर्य पाण्याला टेकला. ताई व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बराच वेळ वाकून होत्या. मग सरळ झाल्या.

"मले दीपगृह दिसत नाही गा," त्या म्हणाल्या.

आता सामान आवरायला सांगतील, असं वाटलं. ताईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या कॅमेऱ्यामागून बाजूला झाल्या.

"तू पाह्य. काय दिसते ते सांग मले."

मी वाकलो. दीपगृह चौकटीत कुठे आहे ते सांगितलं. त्यांनी ते आणखी डावीकडे घ्यायला लावलं. मग मी उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरचा आकडा वाचून दाखवला.

"आभाळ?"

"केशरी."

"केशरी म्हणजे? संत्र्याची साल का आतली फोड?"

मी नीट पाहिलं. "वर फोड, ताई. खाली पाण्याजवळ लालभडक भिवापुरी मिरची."

ताई हसल्या आणि त्यांनी उजेड कमीजास्त करणारी भिंगाची कडी नुसत्या बोटांनी चाचपत फिरवली. तेवढ्यात पलीकडे दिवा लागला. झोत समुद्रावरून फिरू लागला.

"आपल्याकडं वळायला आला की सांग."

मी "आता!" म्हणायचो आणि ताई कॅमेऱ्याला जोडलेल्या केबलची कळ दाबायच्या. रोल संपेपर्यंत हेच चाललं. खडकांवरून उतरताना त्यांनी माझा हात धरला.

नागपुरात आता स्लाइड धुऊन मिळत नाही. रोल परगावी पाठवला, वाट पाहिली. परत आलेल्या बहुतेक स्लाइड काळवंडलेल्या होत्या. एक नव्हती.

ती आम्ही सगळ्या विद्यार्थ्यांसमोर एका शाळेच्या सभागृहात पडद्यावर लावली. ताई पहिल्या रांगेत होत्या. समोर रोखून पाहिलं की त्यांना दिसत नाही, म्हणून त्यांनी मान वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या पाहत राहिल्या. मिरचीच्या रंगाचं पाणी, वर फिकट होत गेलेलं आभाळ, काळा कडा आणि त्यावर तो प्रकाश.

"लागला गा दिवा," त्या हळूच म्हणाल्या.

टाळ्या वाजल्या तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. "डोळे दिनेशचे, बोट माझं," एवढंच बोलल्या आणि खाली बसल्या. इतकी वर्षं ज्या चित्राचा ध्यास घेतला, त्याचं अर्धं श्रेय इतक्या सहज देऊन टाकायला मन फार मोठं असावं लागतं.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. रविवारचा वर्ग सुरूच आहे. नवे विद्यार्थी मोबाइलवरचे फोटो घेऊन येतात. ताई त्यांना फोटोचं वर्णन करायला लावतात आणि ते गुळमुळीत झालं, की पुन्हा नीट पाहून यायला पिटाळतात. पाहायला शिकवणं त्यांनी थांबवलेलं नाही.

ताई, तुमची उरलेली नजर अशीच टिकून राहो, तब्येत खणखणीत राहो आणि आम्हाला रागवायला तुम्हाला पुष्कळ वर्षं मिळोत. आम्हा सगळ्यांना त्या रागाची फार गरज आहे.