पायरीवर कोण

धारच्या बसस्टँडजवळ औषधाच्या दुकानात एक तरुण दुकानदार बसतो. त्याला शुगर आहे आणि डोळे कोरडे पडतात. थेंब टाकले की डोळे मिटूनच गिऱ्हाईक करतो. हात बरोबर त्याच डब्यावर जातो, माणूस तो पावलांवरून ओळखतो. मला हे कधी आवडलं नाही.

बायकोच्या शुगरच्या गोळ्या आम्ही तिथूनच घ्यायचो. ती नेहमी बाहेर पायरीवर थांबायची. तिचं तेरावं झाल्यावर मी एकटाच गेलो. माझ्याही डोळ्यांत रेती सलत होती. स्मशानात एक टिपूस आलं नव्हतं.

तो डोळे मिटूनच म्हणाला, "काका, काकूंना आत बोलवा ना. धूपमध्ये उभं का केलंय?"

"ती गेली रे. पंधरा दिवस झाले."

त्याने लाल डोळे उघडले आणि माझ्यामागे उन्हातल्या पायरीकडे बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तुमचे डोळे पण सुकलेत. शुगरनेही होतं असं. चेक करवून घ्या." आणि थेंबांची बाटली पुढे केली.

मी मागे वळून पाहिलं नाही. शुगर तपासली, वाढलेली निघाली. बाटली महिनाभर पुरते. तरी मी रोज जातो, आणि तो डोळे कधी मिटतो याची वाट पाहत उभा राहतो.