अंधाराचा राखणदार

हात पुढे ताणायचा, मूठ वळायची, एक डोळा मिटायचा आणि ती मूठ दक्षिणेच्या डोंगरावर टेकवायची, ही त्याची सवय. "एवढं मूठभर आभाळ मोकळं पाहिजे राव, बाकी काय मागणं नाही आपलं." हे तो लग्नाच्या मांडवातसुद्धा करी. पाहुणे बिचकून बघत. "काय नाही, दक्षिण बघायलोय," तो निरागसपणे सांगे.

चाकणच्या एका कंपनीत त्याचं आणि माझं टेबल शेजारी होतं. तो लातूरकडचा, दिघीत भाड्याने राहायचा. सुट्टीला लोक लोणावळ्याला जातात, हा अंधार शोधत हिंडायचा. त्याला दक्षिणेकडच्या तेजोमेघांचे, म्हणजे अवकाशातल्या चमकत्या वायूच्या पुंजक्यांचे, फोटो काढायचं वेड होतं. त्यातला करिना तेजोमेघ आपल्याकडे क्षितिजाच्या जेमतेम मूठभर वर येतो. तेवढ्यात गाठला तर गाठला.

सुरुवातीला आम्ही चांगलेच फसलो. चाकणहून जवळ पडतो म्हणून राजगुरुनगरच्या पुढचा एक माळ निवडला. डोक्यावर नुसते तारे. दक्षिणेला वळून पाहतो तर चाकण, भोसरी, पिंपरी असं सगळं आमचंच पेटलेलं.

"आपलीच कंपनी आडवी आली की!" म्हणत तो पोट धरून हसला. शहर पाठीशी ठेवायचं, समोर नाही, ही अक्कल तेव्हा आली.

मग शहर ओलांडून पुरंदरच्या बाजूला एक वस्ती सापडली. समोर सखल माळ, रस्त्यावर एकही दिवा नाही. एका आजींच्या अंगणात त्याने ट्रायपॉड उभा केला. आजी चहा देत आणि ढगात काय सापडतं म्हणून विचारत. ढग नाही, तेजोमेघ, हे त्याने त्यांना दरवेळी नव्याने समजावलं.

आमची कंपनी दरवर्षी गावांना सौर दिवे, शाळेचं सामान असं काहीबाही द्यायची. कुठल्या गावाला काय द्यायचं, हे ठरवायचं काम त्याच्याकडे होतं. आजींना हे कुठूनसं कळलं.

"सायेब, गोठ्याच्या वाटंला एक दिवा द्या की. रातच्याला पाय कुठं पडतो कळत न्हाई."

"बघतो, आजी."

परतताना गाडीत मला म्हणाला, "दिवा लागला की ही जागा गेलीच म्हणा. शाळेला बाकडी देऊ. लेकरांच्या कामाची हायती." बाकडी दिली. गावाने टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी त्याला आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो मिळाला.

पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर आजी खाटेवर. गाय व्यायला झाली होती म्हणून रात्री गोठ्याकडे निघाल्या, वाटेत दगडाला अडखळल्या, खुबा मोडला. आम्ही पाठीवर बॅगा घेऊन दारात उभे. आजींनी पडल्या पडल्याच सुनेला हाक मारली.

"अगं, भाईरचा दिवा मालव. सायबांना फोटू काढायचाय. लांबनं आल्यात."

सुनेने दिवा मालवला. तो अंधारात तसाच उभा राहिला. बॅग उघडलीच नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, "मी त्यांना बाकडी दिली, राव." मला त्याच्याकडे बघवेना. त्याच्याइतकीच मलाही लाज वाटत होती.

त्याने धावपळ करून वस्तीला दिवे मिळवून दिले. पहिला खांब गोठ्याच्या वाटेवर उभा राहिला. गावाने त्याचा सत्कार ठरवला, शाल-नारळ आणला. तो माझ्या गाडीतून वस्तीच्या वळणापर्यंत आला आणि तिथेच बसून राहिला. "तुम्ही जावा. माझ्यानं नाही व्हायचं. कशाचा सत्कार घेऊ?"

त्याला बरं नाही, असं मी गावाला सांगितलं. आजींची खाट खास अंगणात आणली होती. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सायेब रुसलं व्हय? आता त्यांना तारं दिसायचं न्हाईत, मला कळतंय. त्यांना सांगा, तुमी आला की दिव्यावर पोतं टाकू. तुमचं काम झालं की काढू."

मी गाडीत येऊन हे त्याला जसंच्या तसं सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

नंतर तो बदली मागून गेला. माझा फोन उचलत नाही. आजींचा फोन मात्र मला अधूनमधून येतो, सायेब कवा यायचं म्हणून. पोतं धुऊन ठेवलंय म्हणतात.