इंजिनाच्या नंबरावरचं कुंकू

मोटार कुणाचीही असो, नाना आधी डोक्यावरची टोपी काढून मडगार्डवर ठेवायचे आणि मगच बॉनेट उघडायला सांगायचे. धुळ्याच्या कचेरीत मोटारींच्या नोंदी ठेवणारे ते कारकून. वर्षातून एकदा प्रत्येक गाडी आवारात आणायची आणि वहीतला नंबर इंजिनावरच्या नंबराशी ताडून पाहायचा, एवढं त्यांचं काम. दुसरा कुणी असता तर खुर्चीतूनच ओरडला असता, "सांग रे नंबर!" नाना मात्र रॉकेलचा बोळा घेऊन कोपरापर्यंत इंजिनात शिरायचे. डाव्या अंगाला दोन बोटं रुंद सपाट पट्टी होती, तिच्यावर आकडे ठोकलेले. तिथलं वंगण पुसायचं, पातळ कागद ठेवायचा, वरून शिसपेन्सिल फिरवायची. आकडे कागदावर उमटले की स्वारी खूश. साहेबांशी ते छापील मराठी बोलत, आम्हा मोटारवाल्यांशी साक्रीकडची बोली. "कागद खोटं बोलस, भाऊ. लोखंड नई बोलस. पहिले देखसू, मंग लिखसू."

साक्री-धुळे अशी उतारू नेणारी माझी एकच सर्व्हिस गाडी होती, आणि तोंड मात्र दहा गाड्यांच्या मालकाचं. मी त्यांना चिडवायचो, "नाना, इंजिनले काय पाय फुटतस का?"

"इंजिनले नई फुटत," बोळा पिळत ते म्हणायचे, "मालकले फुटतस."

माझी माय तपासणीच्या सकाळी गाडीची पूजा करायची. कुंकू बॉनेटला नाही, थेट इंजिनाला. गाडीचा जीव तिथे, असं तिचं म्हणणं. आत सपाट जागा ती एकच, त्यामुळे तिचं बोट नेमकं नंबरावर टेकायचं. पहिल्या वर्षी नानांनी ते पाहिलं आणि बोळा धरलेला हात तसाच थांबला. माय बाजारासाठी गाडीत बसून आली होती. नाना तिच्याकडे गेले. "अक्का, तुम्हीच पुसा. मन्हा हात जास नई." तिनं ओल्या पदरानं पुसलं, नानांनी ठसा घेतला, तिनं पुन्हा कुंकू लावलं. तेव्हापासून दर वर्षी तपासणीला माय बरोबर यायची, आणि नाना तिला स्वतःच्या हातानं चहा आणून द्यायचे.

पुढे एकदा मी त्यांना कारण विचारलं. वडील गेले तेव्हा नाना आठ वर्षांचे होते. बायांनी त्यांच्या मायचं कुंकू पुसलं ते त्यांनी दारात उभं राहून पाहिलं होतं. मी ते ध्यानात ठेवलं.

मग दुसरी मोठी लढाई आली आणि त्यातच माझ्या इंजिनाला तडा गेला. नवं इंजिन औषधालाही मिळेना. जळगावच्या एका भंगारवाल्याकडे एक मिळालं, पण पावतीशिवाय. मी काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. पावती नाही म्हणजे नवा नंबर वहीत चढणार नाही, आणि नंबर चढला नाही तर गाडी बंद. त्या वर्षी तपासणीच्या सकाळी मी मायला म्हणालो, "माय, आज कुंकू चांगलं जाड लाव." आणि तिला घरीच ठेवलं.

नानांनी टोपी काढली, वाकले आणि थांबले. "अक्का कोठे शे?"

"तिले बरं नई, नाना. पण कुंकू तिनंच लायं शे."

आवारात सगळे पुरुषच होते; कुंकू पुसायला सांगावं अशी बाई कुणी नव्हती. नाना बोळा हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी टोपी घातली, जुनाच नंबर वहीत लिहिला आणि सही केली. "पुढला साल देखसू," म्हणाले. त्या क्षणी मला शरम वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं.

चार महिन्यांनी पोलिसांनी साक्रीच्या बाजारात गाडी अडवली. शिपायानं पट्टी खरडली, आणि इंजिन एका चोरलेल्या लॉरीचं निघालं. मी भंगारवाल्याचं नाव सांगून सुटलो. दंड झाला, इंजिन गेलं. वहीत मात्र "समक्ष पाहिला" या शब्दांखाली नानांची सही होती. चौकशीत त्यांनी एवढंच सांगितलं, "नंबर मी पाहिला नाही. सही माझी आहे." मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं. मी उठलो नाही. पेन्शनला दोन वर्षं असताना नानांची नोकरी गेली.

पुढे त्यांच्या गावी जाऊन मी पाय धरले. ते मागे सरले. "चौकशीमा सगळं ध्यानमा ऊनं. कुंकू भलतं जाड व्हतं. अक्का इतलं जाड नई लावस."

"मंग सांगं का नई, नाना?"

"सांगं असतं तं अक्काले साक्षीले बलावं असतं. त्या माउलीले कचेरीमा उभी करू का? तिले काही सांगू नको."

मी मान डोलावली. तसं वागणं मला सोयीचंच होतं.

त्याच वर्षाअखेर नाना गेले. नानांनी पैसे खाल्ले, असं साक्रीत बोललं जात होतं, आणि ते मायच्या कानावर गेलं होतं. नाना गेल्याचं कळलं तेव्हा ती चुलीपाशी बसली होती. तिनं मला विचारलं, "काय रे, नानानी खरंच पैसा खादा का?"

मी म्हणालो, "माले काय माहीत, माय."