सोजरबाईच्या घरातल्या दरजा

घरातलं काम परक्या माणसाच्या हातात द्यायचं म्हटलं की सयाजीच्या जिवावर यायचं. नळाचा वायसर असो, पंखा असो, गॅसची शेगडी असो, आधी तो स्वतः उघडून बसायचा. निम्म्या वेळा दुरुस्त व्हायचं आणि निम्म्या वेळा ती वस्तू सुट्या भागांसकट पिशवीत घालून दुकानात न्यावी लागायची, पण गड्याचा हुरूप कमी झाला नाही. सोलापुरात सिटी बसवर कंडक्टरकी करण्यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर दिवस खायला उठला, तेव्हा घरातल्या एकाही स्क्रूची खैर राहिली नाही. बायको सोजरबाई म्हणायची, "समदं उघडा, मला तेवढं उघडू नगासा."

सोजरबाईला दिसत नव्हतं. काचबिंदूनं आधी बाजूबाजूचं नेलं, मग दोनेक वर्षांत मधलंही नेलं. बाहेर पडायचं तर तिला हाताला धरून न्यावं लागे. नवी पेठेतल्या गर्दीत ती त्याच्या शर्टाची बाही इतकी घट्ट धरायची की शिवण उसवायची. घरात मात्र तिला कुणाची गरज नव्हती. खाटेवरून उठून ती सरळ ओट्यापाशी जाई, चहा ठेवी, मोरीत जाऊन भांडी विसळी, कपाटातून धुतलेला टॉवेल काढून देई. नवख्या पाहुण्याला चहा पिऊन जाईपर्यंत कळत नसे की ही बाई आंधळी आहे. सयाजीला याचं फार कौतुक होतं. "अंदाज हाय तिला घराचा," तो सांगायचा. हा अंदाज तिला कुठून मिळतो, हे त्यानं कधी विचारलं नाही. बायकोला घर कळतं, त्यात विचारायचं काय, असं त्याला वाटे.

घरात जुनी शहाबादी फरशी होती. तिच्या दरजा, म्हणजे दोन फरश्यांमधले सांधे, कधीच पोकळ झाल्या होत्या. सिमेंट उडून गेलेलं, कुठे बोटभर खाच, कुठे कोपरा तुटलेला, मुंग्यांना तर मोकळं रानच मिळालेलं. उन्हाळा तोंडावर आला होता, तेव्हा ओट्यासमोरच्या एका खोल दरजेत सोजरबाईच्या पायाचं बोट अडकलं आणि नख उलटलं. रक्त बघून सयाजीच्या तोंडचं पाणी पळालं. ती म्हणाली, "हुतंय की. जाईल बरं हुऊन." पण त्याच्या डोक्यातून ते जाईना. आज नख गेलं, उद्या पडली, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली तर? तिचं ते घरभर मोकळं फिरणं गेलं तर तिच्याजवळ राहणार काय? या एका भीतीनं त्यानं दरजा भरायला घेतल्या, आणि ही भीती खोटी होती असं कुणीही म्हणणार नाही.

सिमेंट ओलं असताना पाय पडायला नकोत, म्हणून तिला जेऊरला लेकीकडे, वैजयंतीकडे धाडायचं ठरलं. सोजरबाई तयार होईना. "लेक चांगली हाय वो, पन तितं मी नुसती बसून असते. हितं माझं बरं हाय." त्याला तो बायकी हट्ट वाटला. लेकीला बरं नाही अशी थाप मारून त्यानं तिला पॅसेंजरनं नेऊन सोडलं आणि दुसऱ्या गाडीनं परत आला.

सामान हुसेनसाबच्या दुकानातून आणलं. हुसेनसाब म्हणाला, "काय कू तकलीफ लेते अण्णा? गवंडी लावा की, गुडघे जातील." सयाजी हसला. मोबाईलवर त्यानं व्हिडिओ बघून ठेवले होते. स्क्रूड्रायव्हरनं दरजांमधली घाण उकरली, सायकलच्या पंपानं धूळ उडवली, सांधे भिजवले आणि बारीक वाळू चाळून सिमेंट कालवलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून स्वतःच्या आंघोळीला फाटा देऊन पिंपातलं पाणी कामाला ठेवलं. थापीनं एकेक दरज दाबून भरली. तुटके कोपरे भरले. वाळायच्या आत ओल्या स्पंजानं पुसलं, वरून ओली गोणपाटं टाकली. फरशीच्या रंगाला मिळावा म्हणून सिमेंटमध्ये थोडा काळा रंगही घातला होता. शेवटी घासदगडानं सगळं घासलं आणि तळहात फिरवून पाहिला. हाताला काही म्हणता काही लागेना. गुडघे सुजले होते, पण इतकं खूश त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

जेऊरहून सोजरबाईला आणलं, तेव्हा दारात तोच घाईला आला होता. "चपला काढ आन् पाय ठिवून बघ."

तिनं उंबऱ्याच्या आत पाय ठेवला आणि थांबली. पायाची बोटं जमिनीवर इकडेतिकडे फिरली. मग दुसरा पाय आत आला.

"अवो, कुनाच्या घरात आणलं मला?"

"कुनाच्या म्हंजे? आपलंच की! माझ्या हातानं गुळगुळीत केलंय समदं. आता तुला कायबी लागायचं न्हाय."

ती चालायला लागली आणि शिलाई मशीनवर गुडघा आपटला. वळली ती भिंतीवर गेली. मग दोन्ही हात पुढे करून, हवेत चाचपडत उभी राहिली. बाजारात ती अशी उभी राहायची. घरात तिला तसं सयाजीनं कधी बघितलं नव्हतं.

"दरजा कुटं गेल्या?" तिनं विचारलं.

"बुजवल्या. पाय अडकत हुता न्हवं तुजा."

सोजरबाई होती तिथंच खाली बसली. मग फरशीवर हात फिरवत तिनं सांगितलं, आणि त्याला पहिल्यांदा कळलं. दारातली रुंद दरज अंगठ्याला लागली की खाटेकडे वळायचं. तुटक्या कोपऱ्याची फरशी आली की हाताशी कपाट. जिच्यात नख गेलं ती खोल दरज म्हणजे ओटा. तिरक्या दरजेत टाच धरून गेलं की मोरी.

"दिसायचं कमी झालं तवा एकेक पाठ केली," ती म्हणाली. "थोडं दिसत हुतं तवर. डोळ्यानं बघायची आन् पायानं धरायची."

"मला बोलली न्हाईस कधी."

"बोलायचं काय त्यात? चालत हुते की."

सयाजीनं छिन्नी-हातोडा काढला. पण आयुष्यात एक काम त्याच्या हातून चोख झालं होतं आणि ते हेच होतं. सिमेंट निघेना. निघालं तिथं दगडाच्या कपच्या उडाल्या. दारातली रुंद दरज कशीबशी उकरली, तर तिनं पाय ठेवला आणि मान हलवली. "ही ती न्हाय." तिरकी दरज नेमकी कुठून कुठं जात होती ते त्याला आठवेना. दिसत असून त्यानं ती कधी पाहिली नव्हती. ओट्यासमोरची फरशी तर हातोड्यानं उभी चिरली. तेव्हा तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता."

मग त्यानं खाटेपासून मोरीपर्यंत दोरी बांधली. दोन दिवस धरून तिनं सोडून दिली. दावणीला बांधल्यागत वाटतंय म्हणाली. त्यानं दोरी काढली. "हळूहळू सवय हुईल," असं तो म्हणत राहिला आणि ती व्हय म्हणत राहिली. तो हाताला धरून न्यायला कायम तयार असायचा, पण हाक मारायची वेळ आली की ती आधी बराच वेळ गप्प बसायची. शिव्या दिल्या असत्या तर सयाजीला बरं वाटलं असतं. उलट शेजारीण आली की सांगायची, "ह्यांनी लई चांगलं काम केलंय, कुटंबी हाताला लागत न्हाय."

एप्रिल लागला. सोलापूरचं ऊन, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या. सयाजी सकाळी खाटेशेजारी तांब्या भरून ठेवायचा आणि संध्याकाळी तो तसाच भरलेला असायचा. आधी त्याला वाटलं, तिला तांब्या सापडत नसेल. त्यानं तो तिच्या हाताला लागेल असा ठेवला. तरी भरलेलाच. तिचे ओठ सुकून फुटले होते.

"सोजर, पानी का पीत न्हाईस तू?"

"तान न्हाय."

"खोटं बोलू नगंस."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पानी पिलं की मोरीला जावं लागतंय," ती म्हणाली. "आन् मोरी कुटं हाय, ते मला म्हाईत न्हाय."