रूथबाईंच्या गालावरची काजळी

त्या दिवशी आमच्या अंगणात सगळ्यांच्या आधी पोचल्या त्या रूथबाईच.

पाळकसाहेब मागं, बैलगाडी मागं, आणि ही बाई डफ काखोटीला मारून चालत पुढं.

आज पहाटे गेल्या. बारामतीत, झोपेतच. नव्वदी ओलांडलेली. इथंही कुणासाठी थांबल्या नाहीत.

मला सकाळपासून बसवत नाही. भावाची सून म्हणते, आत्या, बसा, बीपी वाढंल. दारापर्यंत जाते, परत येते. रडू येत नाही, हसूच येतंय. लोक काय म्हणतील म्हणून फोनशी बोलतेय. मी बोलते, तो लिहितो. शाळा मी दोनच यत्ता बघितली, चुकलं तर गोड मानून घ्या.

तर नाताळ जवळ आला होता. पन्नासच्या पुढची सालं. कन्हेरीत कालव्याकडंला आमची वस्ती, येशूला मानणारं आमचं एकच घर. दर वर्षी बारामतीच्या चर्चचे पाळकसाहेब यायचे, ख्रिस्तजन्माचा संदेश द्यायचे. रूथबाई बायबलबाई. म्हणजे गावोगाव बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, गाणी शिकवायची. संदेश द्यायचा तो साहेबांनी. असं होतं तेव्हा.

अंगण शेणानं सारवलं होतं. मला नवं परकर पोलकं, हिरवं. अजून आठवतं, कमरेला टोचायचं ते.

पण आईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

माझ्या पाठची दोन लेकरं बारशाआधीच गेलेली. म्हणून तिसऱ्याचं नाव दगडू ठेवलं. नाक टोचलं, कपाळभर काजळी फासली, कुणाच्या नजरंला पडू दिलं नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "आता आपण येशूचं झालोय न्हवं?"

आई म्हणायची, "तुमी झालाय. लोकांची नजर हाय तशीच हाय."

त्या दिवशी दगडूचं अंग तापलेलं, दूध ओढत नव्हता. आणि पाव्हणे तर यायचे. मग आईनं काय केलं, त्याला गोठ्यात नेऊन गव्हाणीत निजवलं. खाली गोधडी, पुढं कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या. मला दारात राखणीला बसवलं.

रूथबाई आल्या, पायांवर पाणी घेतलं, आणि कुरकूर ऐकून सरळ गोठ्यात. मी कोण अडवणारी.

गव्हाणीत बाळ बघून मला वाटलं बाई खूश होणार. नाताळची सगळी गोष्ट तीच ना, गव्हाणीतल्या बाळाची.

पण त्या हसल्या नाहीत. पोटाला हात लावला, पापणी उघडून बघितली. आई धावत आली, पदर आडवा धरला. आजच्या आज डॉक्टरला दाखवा, असं बाई म्हणत होत्या. आई म्हणत होती, त्याला न्हाय बाहेर काढायचं.

तेवढ्यात गाडी आली. उपासना सुरू झाली.

साहेबांनी मेंढपाळ सांगितले, तारा सांगितला. आई अंगणात टेकायची की उठायची, गोठ्यात जायची, परत यायची. साहेब म्हणाले, संकटात देवावर भरवसा ठेवा.

आई उभीच होती.

"दोन गेली माझी. भरवसा ठिवायचा म्हंजी करायचं काय, तेवढं सांगा."

साहेब पुस्तकाची पानं उलटायला लागले.

रूथबाईंनी डफ खाली ठेवला.

"बाई, मरियेला जागा मिळाली नाही म्हणून तिनं बाळ गव्हाणीत ठेवलं. लपवायला नाही ठेवलं. पुढं बाळाच्या जिवावर बेतलं, तेव्हा योसेफाला देवदूतानं बस नाही सांगितलं. ऊठ सांगितलं. उचललं लेकरू आणि गेली दोघं मिसरला, परक्या लोकांत. भरवसा त्याला म्हणायचं. उठा."

साहेब हळूच म्हणाले, उपासना अजून संपली नाही.

"गाडीत संपवू," बाई म्हणाल्या.

आई हलेना. वाटेनं सगळी बघत्याल, एवढंच म्हणत राहिली.

मग रूथबाई आमच्या चुलीपाशी गेल्या. तव्याच्या बुडाला हात फिरवला आणि स्वतःच्या गोऱ्यापान गालावर ही एवढी काजळी फासली. काजळी-बिजळी मानू नका असं शिकवणारी बाई!

"आता बघू द्या सगळ्यांना. माझ्याकडंच बघतील."

साहेबांनी मान फिरवली. हसले की रागावले, मला दिसलं नाही.

आई दगडूला पदरात घेऊन गाडीत चढली. साहेब प्रार्थना म्हणत होते, बाई वाट दाखवल्यासारख्या गाडीच्या पुढं चालत होत्या. मी रडायला लागले तशा वळून म्हणाल्या, "रविवारी आणते."

रविवारपर्यंत मला घास गोड लागेना. कालव्यावर जायचं, बघायचं, परत यायचं. आबा शेतात पाणी धरायचे आणि तिथंच उभे राहायचे.

रविवारी वळणावर आधी दिसल्या त्या रूथबाईच. चालत. एकट्या.

हात रिकामे.

आबांच्या हातातलं खोरं पडलं.

आणखी जवळ आल्या तर गालाला ताजी काजळी! आईनं गावाच्या शिवेवर परत लावायला लावली होती. मागून गाडी, गाडीत आई, आणि आईच्या मांडीवर भोकाड पसरलेला दगडू.

तो आवाज... काय सांगू तुम्हाला.

आज दगडू सत्तरीत आहे. निरोप आला तसा उठला. आता घरात गॅस, काजळी कुठली. मागं अंघोळीच्या पाण्याची चूल आहे, तिथल्या हंड्याला बोट घासलं आणि तसंच बोट वर धरून मोटरसायकलवर पोराच्या मागं बसला. शवपेटी झाकायच्या आधी पोचायचं म्हणाला. पोचला. पोराचा फोन आला, बाईंच्या गालाला लावली म्हणून.

रूथबाई, सलाम घ्या. पुढं गेलात ते बरं केलंत, वाट तुमच्या ओळखीची.

निरोप घेऊन आलेली चर्चच्या मंडळीतली माणसं चहा पिऊन उठली. आमच्या गोठ्यात तुमच्यासाठी उपासना करायची म्हणतात.

रविवारी येतो म्हणालेत.