माशीच्या पायातली फणी

यंदा दिवाळीला मी गावी, डोंगरकड्याला, फळमाश्या घेऊन गेले. विद्यापीठाला सुट्टी असली तरी माश्यांना नसते. वारंगा फाट्यावर गाडी बदलताना कंडक्टर खेकसला, तरी मी थर्माकोलचा डबा मांडीवरून हलवला नाही.

नर फळमाशीच्या पुढच्या पायांवर चव ओळखणारे केस मादीपेक्षा जास्त असतात. तो मादीला आधी पायानंच चाखतो. हा फरक कोणतं जनुक घडवतं, याच्यामागे माझी तीन वर्षं गेली होती. आता नराशी संबंध न आलेल्या दहा माद्या हव्या होत्या. कोषातून निघाल्यावर आठ तासांत त्या वेगळ्या केल्या नाहीत तर उपयोग नाही. सुट्टीनंतर त्या आणल्या नाहीत, तर काम दुसऱ्याला देईन, असं गाईडनी तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी कोषांच्या मोठ्या बाटलीतून रात्रीत निघालेल्या माश्या काढून टाकायच्या, मग दुपारी आणि संध्याकाळी नव्या माश्या बर्फाच्या ताटलीवर गुंगवून भिंगाखाली निवडायच्या. करंज्या लाटायला बसले तरी डोळा घड्याळावर. काळ्या पोटाचे नर डावीकडे, पांढऱ्या पोटाच्या माद्या वेगळ्या बाटलीत. प्रयोगशाळेत ही निवड एक सीनियर करायची, मी नुसते केस मोजायचे.

ज्वारी निवडून डोळा तयार झालेली माय शेजारी येऊन बसली. तिनं भिंग घेतलं.

"पोरी, या माशीच्या पुढच्या पायात काळी फणी हाय. त्या दुसरीला न्हाई."

"पोट पांढरं हाय ना? मग मादीच हाय. माय, तू मधी मधी बोलू नको."

ती भिंग ठेवून उठली.

चौथ्या दिवशी माद्यांच्या बाटलीत अळ्या वळवळत होत्या. म्हणजे आत नर होते. नुकत्याच निघालेल्या नराचंही पोट पांढरंच असतं, नराची खरी खूण असते ती पुढच्या पायातली काळ्या केसांची फणी. मला भयंकर राग आला, स्वतःचा. मग रडू आलं.

"काहून रडून राहिलीस?"

मी सगळं सांगितलं. मायनं 'मी म्हणलं व्हतं' असं म्हटलं नाही. "त्या मोठ्या बाटलीत अजून कोष हायेत ना?" एवढंच विचारलं आणि फ्रिजमधून बर्फ काढला.

दोन दिवस ती निवडत होती, मी लिहीत होते. फणी हाय. न्हाई. न्हाई. हाय. शेवटच्या संध्याकाळी अकरा माद्या जमल्या. मी बाटलीला कापसाचा बोळा लावला आणि किती तरी दिवसांनी नीट श्वास घेतला.

मायनं भिंग पुसलं.

"तीन वरसं तू याच पायाचा अभ्यास करून राहिली व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

ती ताटलीतला बर्फ तुळशीत ओतायला गेली.